दुकाने चोवीस तास, सुटीचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यविक्रीसारखे व्यवसाय वगळता इतर दुकाने व आस्थापने चोवीस तास खुली ठेवता येतील, असे स्पष्ट केले. प्रत्येक कर्मचाऱ्यास आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, ही अटही त्यासोबत होती. चर्चा रंगली ती रात्रभर जागणाऱ्या बाजारपेठांची. अटीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

या अटीमागे मुंबईचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात येथील गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. यंत्रांच्या साफसफाईसाठी रविवारीही कामगारांना बोलावले जाई. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची सभा भरवली व सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. वेळेवर पगार, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी कामगारास भरपाई या मागण्या त्यात होत्याच. पण अग्रभागी होती ती रविवारच्या पूर्ण सुटीची मागणी. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. पुढच्याच वर्षी साप्ताहिक सुटीला कारखाना कायद्यात स्थान मिळाले.

या मागणीतील एक बारकावा आज विसरला गेला आहे. 'आठवड्यातून कोणताही एक दिवस' असे निवेदनात नव्हते. मागणी होती ती सर्वांना एकाच दिवशी सुटी मिळण्याची. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी देवदर्शन व्हावे, सभा भरावी, गाववाल्यांची गाठ पडावी, हे शेजारपाजारचेही मोकळे असतील तरच शक्य होते. मॉलमधील विक्रेत्याला पाळीपाळीने मंगळवारी सुटी मिळते तेव्हा मुले शाळेत आणि पत्नी कामावर असते. कायद्याचे समाधान होते, शरीराला आरामही मिळतो. पण घर एकत्र जेवत नाही.

अर्थात, एवढीही सुटी ज्यांच्या वाट्याला येत नाही, त्यांची संख्या मोठी आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या बहुतेक तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मान्यता दिली. छोट्या व्यापाऱ्यांवरील कागदपत्रांचा बोजा कमी व्हावा, हा हेतू रास्त असला तरी कोपऱ्यावरच्या दुकानातील पोऱ्याची सुटी त्यामुळे मालकाच्या मर्जीवर जाते. घरपोच माल पोहोचविणाऱ्या तरुणांची स्थिती आणखी विचित्र. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' म्हणून त्यांची दखल घेतली. मात्र व्याख्येनुसारच ते पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे. कागदोपत्री ते हवे तेव्हा सुटी घेऊ शकतात. फक्त त्या दिवशी कमाई शून्य.

घरकाम करणाऱ्या महिलांबाबत तर बोलायलाच नको. त्यांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती देणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० अखेरपासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्याच कर्मचाऱ्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईंनी रविवारी येऊ नये, असे किती घरांत सांगितले जाते?