आदितवारचे शेतकरी

ठाणें-मुंबईकडील सुशिक्षित मध्यम वर्गांत अलीकडे एक नवा कुलाचार रूढ होऊं पाहत आहे. नोकरींत जम बसला, मुलें शाळेंतून कॉलेजांत गेलीं, घराच्या कर्जाचे हप्ते आटोक्यांत आले, कीं शहरापासून तासा-दोन तासांच्या वाटेवर जमिनीचा एक तुकडा घ्यावा, त्यावर चार खोल्यांचें घर बांधावें, फाटकावर कुलदेवतेचें किंवा नातीचें नांव कोरावें, आणि मग मित्रमंडळींत 'आमची वाडी', 'आमचें फार्महाऊस' असा उल्लेख सहज केल्यासारखा करावा. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. चार भिंतींत आयुष्य काढलेल्या मनुष्यास झाडाची ओढ वाटली तर ती चांगलीच म्हणावयाची. आमचा आक्षेप निराळा आहे. या वाडीवर काम म्हणून जें जें असतें तें सर्व दुसऱ्यानें करावयाचें आणि आपण आदितवारीं जाऊन झाडाखालीं केवळ बसावयाचें, ही जी रीत पडली आहे ती घराच्या हिताची नाहीं, जमिनीच्या हिताची नाहीं, आणि ज्याच्या हातून हीं कामें करवून घेतलीं जातात त्याच्याहि हिताची नाहीं, असें आमचें मत आहे. व तें आम्ही कोणाची भीड न धरतां मांडणार आहों.

हें मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें छपरांतून गळलें आहे. घोडबंदर रस्त्यावरील चेणे या गांवीं आमचें एक लहानसें कौलारू घर आहे. चेणे हें २००२ सालीं झालेल्या मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें, म्हणजे कागदोपत्रीं तें शहर आहे. पण एका अंगास सुमारें १०४ चौरस किलोमीटर पसरलेलें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगास वसईची खाडी, आणि त्या डोंगरांतून उतरून खाडीस मिळणारी चेणा नदी, यांच्या बेचक्यांत तें बसलें असल्यामुळें हमरस्त्यावरून पांच मिनिटें आंत गेलें कीं शहर विसरावयास होतें. आम्हीहि तें विसरावयासच तेथें जात होतों. पहिल्या वर्षाच्या वैशाखांत आमच्या घराचे राखणदार, साठी उलटलेले एक वारली गृहस्थ, ज्यांस आम्ही 'बाबा' म्हणतों व जे आम्हांस 'भाऊ' म्हणतात, ते आरामखुर्चीपाशीं येऊन उभे राहिले.

"भाऊ, आढ्याजवळची कौलं सरकलीत. माकडं नाचतात वर. पावसाच्या आधी बघाया पायजे."

"बघूं, बाबा," असें म्हणून आम्हीं वर्तमानपत्राचें पान उलटलें. खरें सांगावयाचें तर, आपल्या कोणा भाच्या-पुतण्यास चार दिवसांची मजुरी मिळवून देण्याचा हा बाबांचा बेत असावा अशी शंका आमच्या मनास चाटून गेली होती. पुढें ज्येष्ठांत पहिला मोठा पाऊस झाला. ठाण्याच्या बिऱ्हाडांत जागा नाहीं म्हणून जुन्या मासिकांचे बांधलेले अंक दोन पेट्यांत भरून आम्हीं तेथें ठेवले होते. त्यांतील एक पेटी लगदा होऊन गेली. दुसरी वांचली, कारण रात्रींच कोणी तरी तीवर ताडपत्री घातली होती. ती ताडपत्री बाबांच्या स्वतःच्या खोपटावरची होती, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं त्यांची भिजलेली चूल पाहून कळलें. छपरावर चढून पाहिलें तेव्हां सरकलेलीं कौलें किती निघालीं? तीन!

तेव्हांपासून दर वर्षीं आम्ही स्वतः शिडीवर चढतों. कौलारू छपर ज्यांनीं केवळ खालून पाहिलें आहे त्यांस वाटतें कीं तें एकदां घातलें म्हणजे झालें. वस्तुतः मंगलोरी कौल हें रिपेवर नुसतें अडकविलेलें असतें; माकडाच्या एका उडीनें तें बोटभर खालीं घसरतें आणि त्या बोटभर फटींतून पाणी प्रथम रिपेंत, मग वाशाच्या डोक्यांत मुरतें. ओल्या वाशास वाळवी लागते, आणि तीन वर्षांनीं सुतार येऊन जेव्हां 'सगळें छपर उतरवावें लागेल' असें सांगतो तेव्हां आपण सुतारास लबाड ठरवितों. छपराचें हें एक झालें. पन्हळींतला पालापाचोळा पावसाच्या आधीं काढला नाहीं तर पाणी पन्हळ सोडून भिंतींत उतरतें. विहिरीचा गाळ वैशाखांतच काढावयाचा, कारण पाणी तळाशीं जातें तें तेव्हांच. आणि तो गाळ फेंकून न देतां नारळीच्या आळ्यांत घालावयाचा. आंब्यावरचें बांडगूळ त्यास फळ धरण्यापूर्वीं फांदीच्या तुकड्यासह कापावें लागतें. नाहीं तर पक्षी त्याचें फळ खाऊन चिकट बीं शेजारच्या फांदीस पुसून ठेवतात आणि दोन-चार वर्षांत झाड आंब्याचें न राहतां बांडगुळाचें होतें. कोयत्याची मूठ सैल झाली कीं त्याच दिवशीं ठोकावी. कुंपणाचा मेढा कुजला आहे कीं नाहीं हें नुसतें पाहून कळत नाहीं, हलवून पाहावें लागतें. यांतील एकहि काम दूरध्वनीवरून होण्यासारखें नाहीं, आणि यांतील बहुतेक कामें चूक वेळीं केलीं तर न केल्यासारखींच होतात.

येथें आमचे मित्र एक युक्तिवाद पुढें करतात, आणि तो इतक्या सात्त्विक चेहऱ्यानें करतात कीं ऐकणाऱ्यास आपणच निर्दय आहों असें वाटावें. ते म्हणतात, "अहो, आपण कामें करूं लागलों तर त्या गरिबाच्या पोटावर पाय नाहीं का येणार? आपण मजुरी देतों म्हणून त्याची चूल पेटते." या युक्तिवादांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. चार खोल्यांच्या घरामागें एका कुटुंबाचें पोट चालतें ही गोष्ट खरी आहे, आणि वाडीवरील सर्व कष्ट मालकानेंच उपसावे अशी आमची मागणीहि नाहीं. पण हाच युक्तिवाद करणारा मनुष्य विहिरीचा गाळ काढण्याची मजुरी ठरवितांना कसा बोलतो तें ऐकावें. आम्हीहि पहिल्या वर्षीं तसेच बोललों. शंभर रुपयांसाठीं पाऊण तास घासाघीस केली. दुसऱ्या वर्षीं आम्ही विहिरीच्या कांठावर दोर ओढावयास उभे राहिलों. अकराव्या घमेल्याला तळहाताची साल निघाली; खालीं चिखलांत उभा असलेला तरुण तोंवर एका शब्दानें कुरकुरला नव्हता. त्या दिवसानंतर मजुरीविषयीं आमच्या तोंडून शब्द निघालेला नाहीं. ज्यास काम ठाऊक नाहीं त्यास कामाचें मोल ठाऊक नसतें; तो जें देतो तें त्याच्या मतें नेहमींच जास्त असतें.

आणि मजुरी तरी कोणाकोणाची? फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलींत जें कुटुंब ठेवलेलें असतें त्यांतील पगार एका पुरुषाचा असतो. त्याची बायको अंगण झाडते, पाहुण्यांचीं भांडीं घासते. मुलगा हॉर्न वाजतांच पुस्तक टाकून फाटक उघडावयास धांवतो. आपण ज्या दिवशीं सुटी घेतों तो त्या घराचा सर्वांत कष्टाचा दिवस होय. याच ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत (२०१४ पासून तो पालघर जिल्हा झाला आहे) १९४५ सालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध आणि लग्नगडी म्हणून पिढीजात राबविल्या जाण्याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर यांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' या पुस्तकांत ती हकीकत सांगितली आहे, आणि तें पुस्तक आमच्या वर्गांतील कित्येक घरांच्या कपाटांत आहे. आजचा वाडीवाला हा त्या काळचा जमीनदार नव्हे. तो चाबूक ओढीत नाहीं, वेळेवर पगार देतो, दिवाळीस कपडे करतो. पण एका माणसाच्या पगारांत घरदार राबवून घेण्यास काय म्हणतात, हें त्यानें तें पुस्तक कपाटांतून काढून एकदां पाहावें.

कायद्याची गोष्ट तर याहून मौजेची आहे. १९४८ सालच्या कुळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास सरकारी परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. म्हणून आपले वकील, डॉक्टर आणि बँकेंतले अधिकारी आजोबांच्या गांवचा सातबारा धुंडाळून काढतात आणि आपण हाडाचे शेतकरी असल्याचें शाबीत करतात. त्याच कायद्यानें 'जमीन स्वतः कसणें' याची फोड केली आहे: स्वतःच्या अंगमेहनतीनें, घरच्या माणसांच्या अंगमेहनतीनें, किंवा स्वतःच्या अगर घरच्यांच्या देखरेखीखालीं मजुरांकडून. हा तिसरा प्रकार म्हणजे आमच्या वर्गाचें आश्रयस्थान! १ एप्रिल १९५७ रोजीं कृषकदिनीं कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यांत आलें, तेव्हां पुष्कळ पांढरपेशीं घरें 'आमच्या जमिनी गेल्या' म्हणून हळहळलीं. तीच घरें आतां पुन्हां जमिनी घेत आहेत, आणि देखरेख म्हणजे आदितवारीं दुपारीं जेवण झाल्यावर वाडीभर मारलेली एक फेरी, असा तिचा अर्थ करीत आहेत.

बरें, न केलेल्या कामाचे परिणाम घरापुरते राहतात असेंहि नाहीं. ज्यास माती हातांत घ्यावयाची नसते त्यास ती अंगणांतहि खपत नाहीं. मग अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसवावयाचे, झाडाच्या बुंध्याशीं गोल ओटा बांधून त्याचा गळा आवळावयाचा, आणि पडलेलें पान म्हणजे कचरा असें समजून राखणदाराकरवीं तें रोज सकाळीं जाळावयाचें. डोंगराच्या पायथ्याशीं पडणारें पावसाचें पाणी पूर्वीं पाल्याखालीं अडून जमिनींत मुरत असे. आतां तें ठोकळ्यांवरून घसरून एका तासांत खाडीस जातें. चैत्रांत विहीर आटली कीं हे गृहस्थ पर्जन्यमान कमी झाल्याची तक्रार करतात व टँकर मागवितात. पाऊस कमी झालेला नसतो, त्याची वाट बंद केलेली असते. आम्हीं आमच्या उतारावर आडवे तीन चर खणले आणि पाला आळ्यांतच कुजूं दिला. विहीर यंदा वैशाखाच्या मध्यापर्यंत टिकली. शेजाऱ्यांनीं 'वाडी अगदींच अस्वच्छ ठेवतां बुवा' असा अभिप्राय दिला, तो आम्हांस मान्य आहे.

करमणुकीविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण 'वाडी म्हणजे विश्रांतीची जागा, तेथें कसली कामें काढतां?' हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. काम आणि करमणूक हीं अशीं दोन ताटांत वाढतां येतात काय? पहिल्या सरींनंतर शेवळें उगवतात. तीं ओळखणें, खणून काढणें, आणि घशास खाज येऊं नये म्हणून त्यांबरोबर घालावयाचे काकड झाडावरून पाडणें, यांतील काम कोणतें व करमणूक कोणती? काकडावांचून केलेली शेवळाची भाजी खाऊन एकदां आमचें सारें घर दिवसभर घसा धरून बसलें होतें. ही माहिती रानभाज्यांच्या कोणत्याहि सहलीहून अधिक पक्की बसली. सलीम अली १९३० च्या सुमारास नोकरी गेल्यामुळें किहीमला जाऊन राहिले आणि तेथें घराजवळच्या झाडांवर सुगरणीचीं घरटीं बांधलीं जात असलेलीं पाहत बसले. त्या पाहण्यांतून सुगरण पक्ष्याच्या संसाराविषयींचा प्रसिद्ध निबंध निघाला. झाडाखालीं बसण्यास आमचा विरोध नाहीं, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

चेण्याच्या नदीवर सुटीच्या दिवशीं जी करमणूक चालते ती मात्र निराळ्या जातीची असते. मोटारींतून गाणीं, पाण्यांत थाळ्या, आणि संध्याकाळीं दगडांवर उरलेलें मांस व भात. तें खावयास गांवचीं कुत्रीं येतात. आणि राष्ट्रीय उद्यानांतील बिबट्यांच्या आहारांत कुत्र्याचा वांटा फार मोठा आहे. सहलीस आलेला मनुष्य रात्रीं आपल्या सातव्या मजल्यावर असतो. पाड्यावरचें पोर त्याच अंधारांत आडोशास बसलेलें असतें.

आणखी एक. वाडीवर जाऊन 'विश्रांति' घेणाऱ्या पुरुषांच्या गृहिणीस आम्हीं एकदां विचारून पाहिलें. ती म्हणाली, "घरीं दोन वेळां स्वयंपाक करतें, येथें चार वेळां." तो प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांतच विचारलेला होता, हें कबूल करणें प्राप्त आहे. तेव्हांपासून तेथील सकाळचा चहा आणि भाकऱ्यांखेरीज करून बाकीचा स्वयंपाक आम्हांकडे आला आहे. भाकऱ्या अद्याप आम्हांस साधत नाहींत.

यंदाचीं कौलें फिरवून झालीं. आढ्याजवळचीं सात बदललीं. त्यांपैकीं दोन आमच्याच पायाखालीं फुटलेलीं होतीं, आणि तीं फुटतांना बाबांनीं खालून काय म्हटलें तें येथें छापण्याजोगें नाहीं. आतां शिडीच्या तिसऱ्या पायरीस चीर गेली आहे. तीसाठीं बांबू अमावास्येच्या सुमारास तोडावा, म्हणजे तो पोखरत नाहीं, असें बाबांचें म्हणणें. आम्हांस सुटी मिळते ती आदितवारीं. हा वाद मिटेपर्यंत आम्ही ती पायरी वगळून चढत आहों.