बिल रसेलची अर्धीच आठवण

बोस्टन सेल्टिक्सचा विषय निघाला की जुने चाहते आधी आकडा सांगतात: तेरा हंगाम, अकरा अजिंक्यपदे. बिल रसेलने १९५६ ते १९६९ या काळात जे करून दाखवले, ते एनबीएमध्ये पुन्हा कोणालाच जमले नाही. तरुणांचे उत्तरही ठरलेले असते. तेव्हा संघच मोजके होते, त्यात काय एवढे!

या वादावादीत रसेलचा खेळ बाजूलाच राहतो. त्याची खरी करामत ब्लॉकमध्ये होती. बास्केटकडे निघालेला चेंडू जोरात प्रेक्षकांत भिरकावून दिला की टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळतो. डावखुरा रसेल चेंडूला हलकेच बोटे लावून तो मैदानातच ठेवायचा, जमल्यास थेट साथीदाराच्या हातात. मग बॉब कूझी चेंडू घेऊन सुसाट सुटायचा आणि समोरचे सावरायच्या आत बास्केट झालेली असायची. एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामात, रसेल निवृत्त झाल्यानंतर. त्याच्या २१,६२० रिबाउंडची नोंद आहे, ब्लॉकची नाही. म्हणूनच ज्यांनी बोस्टन गार्डनमध्ये बसून तो खेळ पाहिला, त्यांच्या आठवणींना पुराव्याचे मोल आहे.

पण साक्ष द्यायची तर ती पूर्ण द्यायला हवी.

संघ जिंकत असतानाही त्या गार्डनमधल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या राहत. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे हॉटेलच्या कॉफी शॉपने कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला देण्यास नकार दिला. रसेल आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी प्रदर्शनीय सामना न खेळता परतले. बोस्टनजवळच्या रीडिंग गावात तर लोक त्याच्या घरात घुसले. भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, अंथरुणात घाण केली. मुलगी कॅरेन हिने १९८७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हे सगळे लिहिले. याच माणसाने १९६६ पासून खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी पेलत बोस्टनला आणखी दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. एनबीएचा तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक.

रसेल सह्या देत नसे. १९७२ मध्ये त्याची सहा नंबरची जर्सी गार्डनच्या छताला चढली, तीही त्याच्या आग्रहामुळे प्रेक्षकांविना. १९७५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या सोहळ्याला तो गेला नाही. काही चाहते अजूनही याला शिष्टपणा म्हणतात. हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे. खेळाडू म्हणून हॉल ऑफ फेममध्ये जाणारा पहिला कृष्णवर्णीय होणे त्याला मान्य नव्हते. आपल्या आधीच्यांचा मान मोठा, असे त्याचे म्हणणे होते. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर. त्याला २०१९ मध्ये तो सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी, पंच्याऐंशीव्या वर्षी, रसेलने घरगुती समारंभात स्वतःची हॉल ऑफ फेमची अंगठी स्वीकारली.