दिवाळे, वकील आणि आपली गल्ली

दिवाळी अंकासाठी दिवाळ्यावर लिहायला बसलो आहे हे कळताच आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला. "वर्षाचा सण, आणि तुम्हाला दुसरा विषय सुचला नाही?" मी मराठीचा मास्तर. तिला म्हटले, दोन शब्दांत अंतर ते काय, वेलांटी गेली आणि मात्रा आली! पूर्वी म्हणे बुडालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, आणि त्यावरून 'दिवाळे' शब्द आला अशी एक व्युत्पत्ती सांगतात. खरी असो वा नसो, मला ती आवडते. निदान तो मनुष्य दिवा लावून गावाला सांगत तरी होता. आपण पांढरपेशे लोक नेमके उलटे करतो. घरातला दिवा मालवतो आणि खिडक्या लावून घेतो.

माझ्या एका मावसभावाने तेच केले. पुण्यात त्याचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुके, शाळांच्या प्रश्नपत्रिका, आणि श्रावण सरला की एखाददुसरा दिवाळी अंक. २०१९ साली त्याने सहकारी बँकेचे कर्ज काढून मोठे ऑफसेट यंत्र घेतले. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. लग्ने पन्नास माणसांत होऊ लागली आणि शाळांना कुलुपे लागली. कागदवाल्याची उधारी, बँकेचे हप्ते, शिवाय ओळखीच्यांकडून हातउसने घेतलेले, असे सगळे साचत गेले. बँकेच्या कागदावर जामीन म्हणून कोणाची तरी सही होती. ती कोणाची, ते पुढे सांगतो.

वकील गाठायची वेळ आली तेव्हा हा गृहस्थ गेला थेट मुंबईला! मी विचारले, "अरे, शिवाजीनगरच्या कोर्टात वकिलांचा काय दुष्काळ पडला होता?" तर म्हणाला, "दादा, इथे कोणाला गाठले असते तर संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळले असते."

त्या वकिलांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. सहा महिन्यांत कर्जातून मोकळा करतो, ही पहिली. आणि राहता फ्लॅट आधी बायकोच्या नावावर करून टाका, ही दुसरी. दोन्ही कानाला गोड. फी अर्थात आगाऊ.

आता यातली मौज पाहा. मुंबईला नादारीचा वेगळा कायदा आहे, १९०९ सालचा. ते अर्ज उच्च न्यायालयात चालतात. आपल्याकडे पुण्या-नाशकाला, साताऱ्या-सोलापूरला लागू आहे तो १९२० सालचा, आणि त्याचे अर्ज जिल्ह्यातल्याच न्यायालयात. ऋणको जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच न्यायालयात अर्ज द्यावा लागतो. म्हणजे मुंबईचा वकील केला तरी तारखेला त्याने यायचे पुण्यालाच, गाडीभाड्यासह! (२०१६ साली नवी नादारी संहिता आली हे खरे, पण साध्या माणसाच्या कर्जापुरता तिचा भाग अजून लागू व्हायचा आहे. कंपनीचे दिवाळे असेल तर मात्र सगळाच मार्ग निराळा, आणि कंपनीला जामीन राहिलेल्या माणसालाही १ डिसेंबर २०१९ पासून ही संहिता लागू झाली आहे. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी आपल्याशीच एक प्रश्न सोडवून घ्यावा : बुडाले आहे ते कोण, मी की माझी कंपनी?)

फ्लॅटची गोष्ट तर त्याहून वाईट. असे फुकट नावावर करून दिल्यावर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन माणूस नादार ठरला, तर ते हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. शिवाय धनकोंना बुडविण्यासाठी केले असे ठरले तर शिक्षेचीही तरतूद आहे. सुदैवाने आमच्या भावजयीनेच सहीला नकार दिला. मला म्हणाली, "भाऊजी, ज्या घरावर उद्या कोणी बोट दाखवील ते माझ्या नावावर कशाला?" कायद्याचे एक अक्षर न वाचता तिला जे कळले ते फी घेणाऱ्याला कळले नव्हते, किंवा कळले असेल, कोण जाणे.

मग आम्ही गावातलाच वकील शोधू लागलो. वकिलाने जाहिरात करू नये असा वकील परिषदेचा नियमच आहे. तेव्हा कर्जमुक्तीची हमी देणाऱ्या पाट्या आणि पत्रके दिसतील त्यांपासून चार हात दूर राहावे. निकालावर फी ठरविणेही त्यांना मना आहे. "सुटलात तर इतके टक्के द्या" असे कोणी म्हणाला, तर तिथूनच नमस्कार करून उठावे. आम्ही काय केले, तर दिवाणी कामे करणाऱ्या दोन-तीन वकिलांनाच विचारले की, तुमच्यावर अशी पाळी आली तर तुम्ही कोणाकडे जाल? दोघांनी एकच नाव सांगितले. (बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळू शकते, उत्पन्न कितीही असो, जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. हे किती घरांत ठाऊक आहे?)

वकीलसाहेब वयस्क होते. मी धीटपणे विचारले, "आपण नादारीची किती प्रकरणे चालविली आहेत?" ते म्हणाले, "सात. चाळीस वर्षांत." मला हा आकडा फारच लहान वाटला. पुढे कळले की अशी प्रकरणेच थोडी असतात, आणि कित्येकांनी एकही पाहिलेले नसते.

फीचे बोलणे त्यांनी काढलेच नाही. आधी रोजकीर्द आणि खतावणी मागितली. कोणाचे किती देणे, कोणते कर्ज यंत्रावर आहे आणि कोणते नुसत्या शब्दावर, गेल्या तीन महिन्यांत कोणा एकालाच गुपचूप पैसे चुकते केलेत काय, असे एकेक विचारीत गेले. मावसभावाला घाम फुटला. फ्लॅटचा सल्ला ऐकून त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला. मग त्यांनी धीरही दिला. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचे मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. नादार ठरल्यावर निवडणुकीला उभे राहता येत नाही, हेही सांगितले. तेव्हा मात्र आमचा भाऊ त्या दिवसात प्रथमच हसला.

"आणि नादारीवाचून भागते का, ते आधी पाहू," ते म्हणाले. "यंत्र विकून बँकेशी तडजोड होत असेल तर अर्ज कशाला?" आपले काम कमी करणारा वकील मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी विचारले, "जामीन कोण आहे?"

भाऊ खाली पाहू लागला. म्हणून मीच सांगितले, "मी."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे हे उद्या नादार ठरून सुटले, तरी तुम्ही सुटत नाही. यांच्या सुटकेने जामीन मोकळा होत नाही. बँक तुमच्याकडे येईल." मी म्हटले, "मग आमच्या दोघांच्याही वतीने आपणच..." त्यांनी हात वर केला. "नाही. यांचे हित एक आणि तुमचे दुसरे. तुम्ही दुसरा वकील करा, आणि आजपासून या खोलीत बसू नका."

राग आला, खोटे कशाला बोलू? लहानपणी एका ताटात जेवलेलो आम्ही! पण खुर्ची सरकवून उठलो. बाहेर भावजय बाकावर डबा घेऊन बसली होती. तिने विचारले, "भाऊजी, झाले का?" तिला काय सांगावे ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्याच आवारातल्या एका तरुण वकीलबाईंकडे गेलो. सगळी हकीकत रंगवून सांगू लागलो, तो त्यांनी मध्येच थांबविले. "जामीनपत्राची प्रत आणली आहे?"

नव्हती. सही केली तेव्हा प्रत मागितलीच नव्हती, आणि वर काय छापले आहे तेही वाचले नव्हते. मराठीचा प्राध्यापक!

"बँकेत अर्ज देऊन आणा," त्या म्हणाल्या. "मग बोलू."