पुढची चाके ओढत नाहीत तेव्हा

मृग लागायला आता पंधरवडाही उरलेला नाही. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे किंवा चंदगडच्या बाजूला ज्यांची शेतीवाडी आहे, त्यांची या दिवसांतली कामे ठरलेली. कौले परतायची, जळण आत घ्यायचे, चार महिन्यांची बेगमी भरायची. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. दारातली जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी खरोखर चारही चाकांवर चालते का, हे पाहून घ्यायचे. पुण्या-बेंगळुरूकडून आपल्याकडे येणाऱ्या या जुन्या गाड्या पहिल्या मालकाकडे बहुतेक डांबरावरच चाललेल्या असतात. चार चाकांचा स्विच त्या मालकाने वर्षानुवर्षे फिरवलेलाच नसतो, आणि ते आपल्याला कळते ते आषाढातल्या चिखलात.

आमच्या दाजींकडे अशीच एक २००७ सालची डिझेल गाडी आहे. डांबरी रस्ता सोडला की त्यांच्या घरापर्यंत दीड किलोमीटर तांबड्या मातीची वाट आहे. दाजींच्या आईंना दम्याचा त्रास असल्याने पावसाळ्यात केव्हाही बेळगावला आणावे लागते, म्हणून ही गाडी चैनीची नव्हे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस ती चढावर रुतली. स्विच फिरवला, समोरचा दिवा लागला, पण पुढची चाके ढिम्म. मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि सांगितले, "बॉक्स गेलाय बघा सर. उतरवूनच बघायला लागतंय." खर्च चाळीस हजारांच्या घरात.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. गाडीचे ज्ञान त्यात येत नाही, पण निष्कर्ष काढण्याआधी पुरावा मागायची सवय मात्र लागते. बॉक्स गेला कशावरून? दिवा लागतो म्हणजे बॉक्सने काहीतरी केलेच की!

वाचकहो, ही यंत्रणा समजायला फार अवघड नाही. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते, तिलाच आपल्याकडे नुसते 'बॉक्स' म्हणतात. एरवी बॉक्स ती ताकद फक्त मागच्या शाफ्टला देतो. स्विच फिरवला की पुढचा शाफ्टही त्याला जोडला जातो. पण एवढ्याने काम होत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी एक हब असतो. तो एरवी मोकळा असतो, म्हणजे चाक फिरते, पण त्याचा आस फिरत नाही. चार चाकांवर जायचे तर हे हबही अडकले पाहिजेत. जुन्या जीपमध्ये पुढचा सारा जोजार सतत फिरत राही. डिझेल उगाच जळते आणि भाग झिजतात म्हणून हाताने अडकवायचे हब निघाले. अमेरिकेत सिएटलमध्ये वॉर्न कंपनीने १९४८ साली लष्करातून निवृत्त झालेल्या जीपांसाठी ते करायला सुरुवात केली. आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी विलिज जीपची जुळणी सुरू केली तीही त्याच सुमाराला. हाताचे हब खाली उतरून फिरवावे लागत. पुढच्या काळात अनेक गाड्यांत ते काम व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या पंपावर सोपवले गेले. पंपापासून हबपर्यंत रबराच्या बारीक नळ्या जातात. एकही नळी चिरली तर हब अडकत नाहीत. त्यात डिफरन्शियलचा स्वभाव असा, की दोनांपैकी एकच हब मोकळा राहिला तरी सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि दुसरे चाकही ओढत नाही.

म्हणजे संशयित दोन : बॉक्स किंवा हब. त्यांची निवड करायला बॉक्स उतरवावा लागत नाही, खडूचा एक तुकडा पुरतो. भात कापून झालेल्या मऊ शेतात गाडी नेली. ती बंद असताना पुढच्या शाफ्टवर खडूने जाड रेघ मारली. दाजींनी चार चाकांचा स्विच लावून गाडी अगदी पायी चालण्याच्या वेगाने सरळ नेली आणि मी बाजूला दूर उभा राहून वाकून पाहत होतो. (चालत्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये, हे सांगायला नको.) रेघ फिरत होती. हब मोकळे असताना शाफ्ट फिरतो, तो बॉक्सच फिरवत असतो. बॉक्स निर्दोष सुटला. रेघ जागची हलली नसती, तर मिस्त्रींचे म्हणणे विचारात घ्यावे लागले असते.

मग गाडी उभी करून, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून इंजिन चालू ठेवले. हबला जाणारी नळी काढून तिच्या तोंडावर बोट धरले आणि दाजींना स्विच फिरवायला सांगितले. बोट ओढले गेले नाही. तीच तपासणी बॉनेटखाली, व्हॉल्व्हमधून नळी निघते तिथे केली, तर बोट चांगले चिकटले. दोष या दोन ठिकाणांच्या मध्ये कुठेतरी. चाकाच्या कमानीत, वळताना जिथे नळी वाकते, तिथे तिला चीर सापडली. दोन-अडीच फूट नवी नळी शंभर रुपयांच्या आत आली. मिस्त्रींनीच ती बसवली आणि हसून म्हणाले, "बॉक्स वाचला की ओ तुमचा!" हा माणूस लबाड नाही. मोठा भाग बदलला की लहान दोष त्यात आपोआप निघून जातो, एवढा साधा हिशेब असतो, फक्त तो आपल्या पैशाने होतो.

त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो, हे इथे सांगितले पाहिजे. चार चाके लागेनाशी झाली आणि त्याच दिवसांत ब्रेकचे पेडलही कडक झाले असेल, तर इतर सगळे बाजूला ठेवून पंप पाहावा.

शाफ्टच फिरत नसेल तरी लगेच बॉक्स खोलू नये. स्विचच्या गाड्यांत बॉक्सवर एक लहान मोटर असते. स्विच फिरवल्यावर खालून तिचा घुर्र आवाज आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज, मग बॅटरी, मग मोटरचा कनेक्टर. आपल्या पावसात त्याच्या पिना हिरव्या पडतात. साफ केल्या की पुष्कळदा मोटर बोलू लागते. 'लो' लागत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत तर बरेचदा दोषच नसतो. गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबल्याशिवाय लो लागायचा नाही, तशीच त्याची रचना आहे.

उलटा त्रासही होतो. चार चाके लागतात, पण सुटत नाहीत. कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला असतो, आणि बॉक्सने दोन्ही शाफ्ट एकत्र बांधलेले असल्यामुळे मध्ये ताण साठतो. अशा वेळी स्विच दामटू नये. गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, ताण सुटतो. पुढे नवे टायर आणि मागे गुळगुळीत झालेले, असे असले तरी हाच ताण कायम राहतो.

दाजी आता महिन्यातून एकदा, ऊन असो की पाऊस, मातीच्या वाटेवर चार चाके लावून किलोमीटरभर जाऊन येतात. ओढ्यातून गाडी नेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. हाऊसिंगच्या वर हवेची एक बारीक वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बुजली असेल, तर तापलेले हाऊसिंग पाण्यात गार होताना सीलमधून पाणीच आत ओढते. पावसाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात ऑइलचा बोल्ट सैल करून थेंबभर ऑइल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर बदलून टाकावे, आणि कोणते भरायचे हे गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे, कारण काही बॉक्सना गिअर ऑइल लागते तर काहींना एटीएफ.