हुन्नर आणि इमान : रंगाआधी डिझेलची नळी

पनवेलहून जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने निघाले की पळस्पे सोडल्यावर कोन लागते. येथूनच सावळे-रसायनीकडे रस्ता फुटतो. अशा रहदारीच्या गावांतून गाड्या दुरुस्त करून पोट भरणारी आपली अनेक घरे आहेत. त्यांच्याकडे अलीकडे एक नवे काम येऊ लागले आहे. वाडवडिलांची पडून राहिलेली जीप घरातल्या तरुणांना पुन्हा रस्त्यावर, आणि जमले तर पावसाळ्यात चिखलाच्या वाटांवर, आणायची असते. म्हणून या महिन्यात आम्ही जीपच्या डिझेलच्या नळ्यांविषयी लिहीत आहोत. विषय गॅरेजचा वाटेल, पण गाडीत बसणार आहेत ती घरातलीच माणसे.

आपल्याकडच्या जीपचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून जी कंपनी काढली तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडण्यापासून तिचे जीपचे काम सुरू झाले. पुढे सीजे-३बी आली, मग प्युजोचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन असलेली एमएम ५४० आली. आज जीर्णोद्धारासाठी येणाऱ्या गाड्या बहुधा याच कुळातल्या असतात.

अशी गाडी घेतली की बहुतेकांचा पैसा आधी रंग, टायर आणि सीटकव्हरवर जातो. इंजिन उतरवून बोअर-पिस्टनचे काम होते, पण बसवताना जुन्याच नळ्या पुन्हा जोडल्या जातात. क्रम उलटा हवा. इंजिन खाली असते तेव्हाच चासी मोकळी दिसते. नळी कुठून न्यायची हे तेव्हाच ठरवावे.

डिझेलचा रस्ता असा : टाकीतून फीड पंप, तिथून फिल्टर, मग मोठा पंप, तिथून जाड पोलादी नळ्यांनी नोझल, आणि नोझलवर उरलेले डिझेल रिटर्नच्या नळीने परत टाकीत. सीजे-३बीत टाकी चालकाच्या सीटखालीच असते. म्हणून टाकीचा तळ गंजलेला असेल तर डाग देऊन भागवू नये. टाकीच्या झाकणाचे किंवा हवेच्या नळीचे भोकही साफ असावे. ते बुजले तर टाकीत हवा शिरत नाही, डिझेल खेचले जात नाही आणि चालती गाडी बंद पडते.

टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, त्याला दाब नसतो. इथे जोड सैल असेल तर डिझेल गळताना दिसेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. गाडी सकाळी सुरू होते, दोन मिनिटांत मरते, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि भलत्याच पंपाचे बिल गिऱ्हाइकाच्या माथी बसते. फीड पंपाच्या पुढे दाब सुरू होतो, तिथली गळती मात्र ओलसर दिसते. हा फरक ध्यानात ठेवला तर निम्मे निदान तिथेच होते.

नळी चासीच्या आतल्या बाजूने न्यावी, म्हणजे दगड लागत नाही. सायलेन्सर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर, बॅटरीच्या तारेपासून वेगळी. फूट-फूटभर अंतरावर रबर लावलेली क्लिप असावी. पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी बुश हवाच, नाहीतर काही महिन्यांत पत्रा नळी कापतो. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, चासी हलत नाही. म्हणून दोघांमध्ये थोडा ढिला ठेवलेला लवचीक होज लागतो. हा होज डिझेलचाच घ्यावा. पाण्याचा पारदर्शक पाइप डिझेलने कडक होऊन तडकतो. तांब्याची नळी हाताने सहज वळते म्हणून अनेकांना आवडते, पण कंपनाने ती कडक होऊन चिरते. पोलादी नळीच बरी. आपल्या पावसात तिला गंजरोधक रंग द्यावा.

मोठ्या पंपापासून नोझलपर्यंतच्या नळ्या वेगळ्या जातीच्या आहेत. नोझल उघडायलाच शंभर बारहून अधिक दाब लागतो. टायरमध्ये तो दोन बारच्या आसपास असतो. या नळ्या सर्व सिलिंडरांना सारख्या लांबीच्या असतात, म्हणजे डिझेल प्रत्येकाला वेळेवर मिळते. कापून, झाळून त्या पुन्हा वापरू नयेत, त्यांच्या क्लिपा काढून टाकू नयेत. अशा नळीला बारीक चीर असेल तर फवारा डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण कातडीत सुईसारखा घुसतो. बोट लावून गळती शोधणाऱ्याचा हात गमवायची वेळ येऊ शकते. पुठ्ठा धरावा. तसे झालेच तर जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे.

डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेलचा फवारा पडला तर ठिणगीचीही गरज राहत नाही. जुनी पेट्रोल जीप असेल तर काळजी दुप्पट : आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या काळचे रबर ते सोसत नाही. सगळे होज बदलणे हाच उपाय. पेट्रोलची नळी गरम भागाजवळून गेली तर आतल्या आत वाफ होऊन गाडी उन्हात अडते, हेही लक्षात असावे.

जोडणी झाली की आधी फिल्टरवरचा, मग पंपावरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने हवा काढावी, बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. गाडीत आग विझवण्याचे छोटे नळकांडे असावे.

गिऱ्हाईक ही नळी कधी पाहत नाही. तिच्यावर स्वस्त माल लावला तरी बिल तेच होते आणि पकडले जाण्याची भीती नसते. म्हणूनच ती मेकॅनिकच्या हातात दिलेली अमानत आहे. आपली मुले हा धंदा शिकत असतील तर उस्तादांनी त्यांना हे काम आधी शिकवावे. आणि जीप सजवायला निघालेल्या घरांनी रंगाचा डबा घेण्यापूर्वी गाडीखाली बॅटरी धरून विचारावे : भाई, नळी कुठून कुठे गेली, जरा दाखवता का? इमानदार कारागीर हसत दाखवेल.