थेंबाची दोन गावं

बालमित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण शाळेमागची टेकडी चढून आलो. आज जरा लांब जाऊ या. आंबोलीला!

नकाशा काढा बघू. सिंधुदुर्ग जिल्हा, सावंतवाडी तालुका. सापडलं? हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर बसलंय. पूर्वेला कोल्हापूर जिल्हा, त्यापुढं कर्नाटक आणि दक्षिणेला गोवा. आम्ही चौथीच्या मुलांना घेऊन गेलो, तेव्हा एसटीच्या खिडकीतून गाड्यांच्या नंबरपाट्या वाचायचा खेळ रंगला होता. एमएच, केए, जीए! तेवढ्यात एकानं विचारलं, "बाई, तीन राज्यांच्या गाड्या दिसल्या, पण शीव कुठंच दिसंना की!"

खरंच आहे. राज्याची शीव माणसानं कागदावर आखलेली असते. पण डोंगरानं आखलेली एक शीव आंबोलीला आहे. तिला म्हणतात जलविभाजक.

समजा, पावसाचे दोन थेंब शेजारीशेजारी पडले. एक घाटाच्या पश्चिम उतारावर पडला. तो कड्यावरून उड्या मारत कोकणात उतरतो, तेरेखोल नदीला मिळतो आणि अरबी समुद्रात पोचतो. दुसरा हातभर पूर्वेला पडला. तो निघाला हिरण्यकेशी नदीबरोबर! आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात, तिथं घटप्रभेत, घटप्रभेतून कृष्णेत, मग तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकाचा प्रवास एका जिल्ह्याएवढा, तर दुसऱ्याचा हजाराहून जास्त किलोमीटर. आहे की नाही गंमत?

या हिरण्यकेशीचा उगम बघायला आम्ही चालत निघालो. भाद्रपद संपत आला होता. झाडांवरून पाणी ठिबकत होतं, पायाखाली चिखल. उगमाजवळ महादेवाचं देऊळ आहे, तिथं गुहेतून पाणी बाहेर येतं. या पाण्यात शास्त्रज्ञांना एक नवीन मासा सापडला. 2020 साली त्याची जगाला ओळख झाली आणि नदीवरूनच त्याचं नाव ठेवलं, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. 2021 साली सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून तिथं पाण्यात हात घालायचा नाही, फक्त बघायचं.

हे सगळं मुलांना कधी एकदा सांगते असं मला झालं होतं. मी भराभर पुढं चालत होते. तेवढ्यात धुकं उतरलं. दहा पावलांवरचं दिसेना. देवळाशी पोचून मुलं मोजली. एकतीस हवीत, भरली तीस! पुन्हा मोजली. तीसच.

माझ्या पोटात गोळा आला. मुलांना दुसऱ्या गुरुजींजवळ बसवून मी उलट धावले, हाका मारत. दहाएक मिनिटांनी धुक्यातून उत्तर आलं, "ओऽऽ बाई!" वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा वाटेकडेच्या दगडावर बसला होता. खेकडा बघायला थांबला आणि मागं राहिला. मी विचारलं, "अरे, पळत का नाही आलास?" तो म्हणाला, "आज्जी म्हणती, वाट चुकली तर हालायचं न्हाई. हुडकणाऱ्याला आपण गावलो पायजे."

त्याला घट्ट जवळ घेतलं. संध्याकाळी त्याच्या आईला सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमी पुढं का चालत हुता?"

मुलांनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. पण त्या दिवसापासून मी सहलीत सगळ्यांच्या मागं चालते. सगळ्यात हळू चालणाऱ्याच्याही मागं. पुढचे थांबतात, कुरकुरतात, पण थांबतात. मागं चालल्यामुळं मला खेकडेही दिसू लागलेत!

तुम्ही डोंगरात जाल तेव्हा एवढं करा. पुढं एक मोठं माणूस आणि मागं एक. प्रत्येक वळणावर मोजणी. जोडीदाराचा हात सुटला तर लगेच हाक. आणि चुकलात तर त्या आज्जींचं ऐका: पळू नका, जागेवर थांबा, हाका मारा. पालकांनो, सहलीचा डबा भरून देताना हे दोन शब्दही बरोबर द्या.

थेंब एकदा त्या बाजूला पडला की त्याला परत फिरता येत नाही. आपल्याला येतं. मागं राहिलेल्यासाठी चार पावलं परत फिरायला लाज कसली?

आता तुमचं काम. तुमच्या घराच्या पागोळ्यांचं पाणी कुठल्या ओढ्याला, कुठल्या नदीला, कुठल्या समुद्राला जातं? आईबाबांना बरोबर घ्या आणि नकाशावर बोट फिरवून शोधा. पुढच्या आठवड्यात भेटूच!