कापडाचा रंग तपासता, मग औषधाचा का नाही?

कापडाच्या धंद्यात आयुष्य गेल्यावर एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. गाठीवरचे लेबल काहीही सांगो, थान उलगडून ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहिल्याशिवाय रंगाची हमी देता येत नाही. गिऱ्हाईक रंग गेलेले कापड परत आणून गादीवर टाकते, तेव्हा गिरणीचा शिक्का कामाला येत नाही. त्याने भरोसा आमच्या दुकानावर ठेवलेला असतो. आणि तोच व्यापारी औषधाच्या दुकानात गेला, की बाटली हलवूनही पाहत नाही. आम्हीही त्यातलेच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या छातीत जळजळ सुरू झाली. दुकानावर जेवणाची वेळ पाळली जात नाही, चहावर चहा होतो. डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिले. आठवडाभर घेऊनही फरक पडेना, तेव्हा बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ घट्ट बसलेला, वर नुसते पाणी. कितीही हलवली तरी गाळ सुटेना. पावती घेतली नव्हती, म्हणून दुकानदाराला विचारायला तोंड उरले नाही. पैसे थोडेच गेले, पण आठ दिवस आम्ही नक्की काय पीत होतो, हा प्रश्न राहिला.

या प्रश्नाच्या मागे लागल्यावर जे समजले, ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

बहुतेक गोळ्या पोटात विरघळून रक्तात मिसळतात आणि रक्तावाटे रोगाच्या जागी पोहोचतात. अशा दोन कंपन्यांच्या गोळ्या सारख्या आहेत की नाहीत, हे माणसाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण मोजून ठरवता येते. पण काही औषधे मलमासारखी असतात. जेथे लागतात तेथेच काम करतात. त्यांची पारख रक्त तपासून होत नाही.

अन्ननलिकेसाठी असे औषध बनवणे फार अवघड. मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे 25 सेंटिमीटर लांब असते आणि पातळ घोट काही सेकंदांत तिच्यातून खाली उतरतो. तेवढ्या वेळात औषध भिंतीला चिकटले तर उपयोग, नाहीतर ते पोटात वाहून जाणार. अन्ननलिकेचा एक ॲलर्जीच्या जातीचा दाह आहे. त्यात घास अडकतो. त्यावर बुडेसोनाइड हे औषध युरोपात 2018 साली तोंडात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपाने मंजूर झाले. अमेरिकेत फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचेच पातळ औषध मंजूर झाले. ते हलवले की पातळ होते आणि स्थिर राहिले की पुन्हा दाट होते, म्हणजे भिंतीवर टिकते. ते घेतल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा पिऊ नये, अशी सूचना आहे. वरून चहा घेतला, तर औषध धुऊन गेलेच समजा.

अशा मालाचा कस प्रयोगशाळेतच लागतो. लिहिलेले औषध बाटलीत तेवढेच आहे का, कण किती बारीक आहेत, दाटपणा किती, गाळ बसला तर हलवल्यावर पुन्हा एकजीव होतो का, हे पाहिले जाते. काही संशोधक वधगृहातून आणलेल्या जनावराच्या अन्ननलिकेचा तुकडा उतरता ठेवतात, शरीराएवढ्या उबेत त्यावर औषध टाकतात, वरून कृत्रिम लाळ सोडतात आणि किती औषध टिकले, किती वाहून गेले ते मोजतात. धुलाईनंतर रंग किती उरला, हे आपण पाहतो तसेच हे.

जळजळीवरच्या अल्जिनेट औषधाची परीक्षा तर कापडवाल्याला लगेच समजेल. हे औषध पोटातील आम्लावर साय धरावी तसा तरंगता थर धरते आणि आम्ल वर अन्ननलिकेत येऊ देत नाही. प्रयोगशाळेत कोमट आम्लात असा थर धरू देतात, त्यात आधीच ठेवलेला तारेचा आकडा वर ओढतात आणि किती वजनाला थर फाटतो ते मोजतात. आपण कापड ताणून पाहतो, ते थर ताणून पाहतात.

अशी पारख आपल्या भागाला नवी नाही. तळेगावहून लोकलने पिंपरीला जाताना ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव घेतले जाते, तो सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला. तेथील शास्त्रज्ञ थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 च्या सुमारास मातीतील जंतूपासून बुरशीवरचे हॅमायसिन शोधले. त्या जंतूच्या शास्त्रीय नावातही पिंपरीचे नाव आहे. अशा औषधाचा जोर पाहण्याची रीत सोपी आहे. बुरशी वाढवलेल्या थाळीत औषध सोडायचे आणि भोवती बुरशी किती अंतरापर्यंत वाढली नाही, ते मोजायचे.

तपासणी चुकली तर काय होते, हेही महाराष्ट्राने भोगले आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. चाळीस वर्षे होत आली, तरी 2025 साली शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे त्याच विषाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. दोन्ही वेळी माल लोकांच्या पोटात आधी गेला, खरी तपासणी मागून झाली.

आता कोणी म्हणेल, आपण कापडवाले, शिंपी, गॅरेजवाले. आपल्या हातात काय? पण कायद्याने आपल्याला हक्क दिला आहे. 1940 च्या औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26 प्रमाणे कोणीही ग्राहक किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना आपण विकत घेतलेले औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकते. पण औषध आपण विकत घेतले, हे सांगायला पावती लागते. आम्ही नेमके तेथेच चुकलो.

फी एकट्याला जड वाटते. पण याच तळेगावात लोकांकडून एक एक पैसा जमवून 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. बाजारातल्या आपल्या मंडळींनी महिन्याला थोडी वर्गणी काढली आणि एखाद्या मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला सोबत घेतले, तर वर्षात दोन-चार संशयित बाटल्या तपासून घेणे अशक्य नाही. आपण नमुने पाठवतो हे कळले, की माल ठेवणाराही सावध होईल.

तोपर्यंत इतके तरी करावे. पावती घ्यावी, बाटली उजेडात पाहावी, हलवावी आणि औषधावर पाणी प्यावे की नाही ते विचारावे. घास अडकत असेल तर बाटलीच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना दाखवावे. रंग उडालेले कापड बदलून देता येते. अन्ननलिका बदलून देणारे दुकान आम्हाला अजून तरी माहीत नाही.